पहिला पेला माझा

प्रिय घड्याळबाई,

परवा फोनवर तू "काय चाललंय" विचारलंस, मी "काही नाही, सगळं ठीक" म्हणाले आणि मग आपण दोघी चक्क हवेबद्दल बोललो. तुझ्याकडे ढगाळ, माझ्याकडे कोरडं. हवेबद्दल बोलायची पाळी आपल्यावर याआधी कधी आली होती, आठवत नाही. पाणी कुठेतरी मुरतंय हे तुलाही कळलं असणार, पण तू खोदून विचारलं नाहीस. तेवढं शहाणपण तुझ्या आईत नव्हतं, ते बहुधा माझ्याकडून आलं. तर आता सगळं सविस्तर लिहिते. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मोबाइलच्या पडद्याकडे बघायला बंदी केली आहे. कागदाबद्दल ते काही बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही. ओळी तिरक्या गेल्या तर दोष उजव्या डोळ्याचा आहे असं समज.

आधी डोळ्याचं सांगते, म्हणजे तो विषय संपेल. मोतीबिंदू निघाला. पट्टी सुटल्यावर पहिल्यांदा काय दिसलं असेल, तर स्वयंपाकघराच्या टाइल्स. त्या पांढऱ्या आहेत हे मी विसरूनच गेले होते, इतके दिवस मला त्या फिक्या पिवळ्या वाटायच्या. दुसरं दिसलं ते आरशातलं तोंड, त्याबद्दल न लिहिलेलं बरं. दवाखान्यातून घरी सोडायला कोण आलं माहीत आहे? चौकातले टायरवाले. त्यांची मुलगी माझ्या वर्गात आहे. स्वतःची गाडी घेऊन आले, हात धरून जिना चढवला, वर औषधांची पिशवी टेबलावर मांडून कुठला थेंब कधी घालायचा ते दोनदा सांगून गेले. हे मुद्दाम लिहिते आहे. पुढे त्यांचं नाव वेगळ्या कारणानं निघणार आहे आणि माणूस वाईट आहे असा तुझा समज व्हायला नको.

मी सुट्टीवर होते तेवढ्यात नववीच्या त्या तासांची पाळी आली. तुला ते तास आठवतच असतील. मला काही समाजसेवेचा झटका आला म्हणून मी ते घ्यायला लागले नव्हते. पुस्तकात प्रजननाचा तो धडा आला की आमचे शिक्षक "हा घरी वाचा" म्हणून पुढच्या धड्यावर उडी मारायचे. मुलं घरी वाचायचीच. अख्ख्या पुस्तकातला सगळ्यांनी वाचलेला असा तेवढा एकच धडा असायचा आणि त्यातलं कुणालाच धड काही कळलेलं नसायचं. मला अर्धवट माहितीचा राग येतो, बाकी काही नाही. म्हणून मी तो धडा ओढून घेतला. पहिल्या तासाला फळ्यावर शब्द लिहायचे, लिंग, योनी, वीर्य, पाळी, कंडोम, आणि सगळ्या वर्गाकडून पाढे म्हणवून घेतात तसे मोठ्यानं म्हणवून घ्यायचे. आधी खुसखुस, मग बाकाखाली गेलेली डोकी, मग एखाद्याला उचकी, आणि शेवटी कंटाळा. वर्गाला कंटाळा आला की शिकवायला सुरुवात करायची. एकदा शेजारच्या वर्गातले गणिताचे सर आवाज ऐकून दार लावायला उठले आणि आपलं दार सोडून माझंच दार बाहेरून लावून गेले. शिपाई येईपर्यंत आम्ही सगळे आत कोंडलेले, आणि तेवढ्या वेळात माझं गर्भनिरोधन शिकवून झालं.

मग पेल्यांचा खेळ. तुला पाठ आहे, तरी लिहिते, कारण सगळं त्यावरूनच झालं. प्रत्येकाला कागदी पेल्यात पाणी. दिसायला सगळे पेले सारखे, पण एकात धुण्याचा सोडा विरघळवलेला, तो म्हणजे एचआयव्ही. मुलांनी वर्गात फिरायचं आणि वाटेल त्याच्याशी पाण्याची अदलाबदल करायची, म्हणजे याचं थोडं त्याच्यात, त्याचं थोडं याच्यात. काहींच्या पेल्यावर ताणून बसवलेला प्लास्टिकचा पातळ कागद, त्यांनी पेल्याला पेला लावायचा, पण पाणी आत जात नाही. काही जण कोपऱ्यात नुसते उभे. सगळे जागेवर बसले की मी प्रयोगशाळेतली बाटली घेऊन प्रत्येक पेल्यात रंग दाखवणारे थेंब टाकत जाते. ज्यात सोडा पोचला ते पाणी गुलाबी. एका पेल्यापासून अर्धा वर्ग गुलाबी होतो आणि मुलांची तोंडं बघण्यासारखी होतात. तोंडावरून कुणाला कळत नाही, पेल्याला पेला लागल्यानं होत नाही, झाकलेल्या पेल्याला होत नाही, आणि थेंब टाकून बघितल्याशिवाय समजत नाही, या चार गोष्टी मला फळ्यावर लिहाव्याच लागत नाहीत. मग पोरं आपोआप शोधाला लागतात, पहिला पेला कुणाचा? तू कुणाशी केलंस, त्यानं कुणाशी केलं, अशी उलटतपासणी चालते. आणि फिरून फिरून बोट माझ्याकडे येतं, कारण खेळात मीही असते आणि सोड्याचा पेला कायम माझ्या हातात असतो. "मॅडमच होत्या!" म्हणून एकच गलका होतो. मी हात वर करते, हो म्हणते, पोरं हसतात, तास संपतो.

हा नियम मी कुठे लिहून ठेवलेला नव्हता. बाकी सगळं धाकट्या मॅडमना समजावून दिलं होतं. धाकट्या मॅडम म्हणजे आमच्याकडे नव्यानं लागलेल्या जीवशास्त्राच्या बाई, माझी खुर्ची पुढे त्यांनाच मिळायची आहे. मुलगी हुशार, तयारी करून वर्गावर जाणारी, खडू संपला तर पर्समधून काढणारी. तिनं विचार केला की पहिला पेला शिक्षकाच्या हातात असला तर मुलांना खेळ खोटा वाटेल. मग द्यायचा कुणाला? बुजऱ्या मुलाला दिला तर तो कोमेजून जाईल. तेव्हा ज्याला कुणी काही बोलू शकणार नाही अशाला द्यावा. म्हणून तिनं तो कॅप्टनला दिला. कॅप्टन म्हणजे आमच्या रिले संघाची कप्तान, शेवटचा टप्पा पळणारी, उंच, बोलायला फटकळ, सगळ्या वर्गाची लाडकी. धाकट्या मॅडमनी जे केलं ते पोरीच्या भल्याचा विचार करून केलं, हे मी नंतर सगळ्यांना सांगून दमले. वाईट हेतूनं केलेली गोष्ट निस्तरणं सोपं असतं.

झालं असं की पेले गुलाबी झाले, शोध लागला, बोट कॅप्टनकडे आलं आणि वर्ग हसला. कॅप्टनही हसली. मधल्या सुट्टीत तिची पाण्याची बाटली कुणी घेईना, तेव्हाही ती हसली. मला वाटतं तोवर सगळ्यांच्या लेखी तो खेळच होता. पण खेळ घरी गेला, घरून दुसऱ्या घरी गेला, आणि परत शाळेत आला तेव्हा त्यातला पेला गळून पडला होता, उरलं होतं एवढंच की नववीतल्या अमक्या मुलीची एचआयव्हीची तपासणी वर्गात झाली आणि तिला निघालं. मैदानावर तिसऱ्या टप्प्याची मुलगी, म्हणजे टायरवाल्यांची लेक, कॅप्टनच्या हातात बॅटन देताना जर्सीची बाही बोटांवर ओढून घ्यायला लागली. खेळाच्या सरांना वाटलं, थंडी वाजते आहे. कॅप्टनला काय वाटलं ते कुणी विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत यायची बंद झाली.

हे मला कळलं ते डोळ्यावर हिरवं कापड असताना, धाकट्या मॅडमच्या तोंडून. ती माझ्या पलंगाशी खुर्ची ओढून बसली आणि रडली. मला रडणाऱ्या माणसाचं काय करायचं ते कधीच समजलेलं नाही, तुला माहीत आहे. मी तिला चहा करायला लावला. चहा झाल्यावर म्हणाले, चला तिच्या घरी. डॉक्टरांनी बाहेर पडायला मना केलं होतं, पण त्यांनी सांगितलेलं सगळं ऐकायचं म्हटलं तर माणूस बरा व्हायच्या आधी कंटाळून मरेल.

कॅप्टनची आई शिवणकाम करते. पुढच्या खोलीत दोन मशीन, भिंतीला टांगलेले अर्धवट कपडे, जमिनीवर धाग्यांचे तुकडे, आणि आतल्या दारात कॅप्टन, भिंतीला टेकून, पायात पळायचे बूट. शाळेत जायचं नाही आणि बूट काढायचे नाहीत, असा तिचा कारभार. तिनंच आधी तोंड उघडलं. "मॅडम, मला काही झालेलं नाही हे मला माहितेय. त्या सोड्याचं मलाही कळतं. पण मी येणार नाही. त्या बाहीचं काय करू मी?" धाकट्या मॅडमनी तिची माफी मागितली, सरळ, कारणं न देता, आणि कॅप्टननं मान हलवली. तेवढ्यानं काही सुटलं नाही. मग आईनं मशीनवरचा हात काढला आणि म्हणाली की तिनं मुलीची तपासणी करून आणली आहे, कागद आलाय, त्यात काही निघालेलं नाही, तो शाळेत सगळ्यांसमोर वाचून दाखवावा, म्हणजे लोकांची तोंडं बंद होतील. मुख्याध्यापिकांशी ती आधीच बोलली होती आणि त्यांनाही ते पटलं होतं.

सोपा मार्ग होता. कागद वाचायचा, टाळ्या वाजवायच्या, पोर परत. आणि मी म्हणाले, नको.

धाकट्या मॅडमनी माझ्याकडे असं बघितलं, जणू भुलीचं औषध अजून उतरलेलं नाही. आई तर रागावलीच. तपासणीला माझा विरोध नव्हता, तो कसा असेल? शंका आली की तपासून घ्या, निघालं तर औषधं घ्या, औषधं घेऊन लोक म्हातारे होतात, हे तर मी वर्षानुवर्षं घसा फोडून सांगते आहे. पण कागद ज्याचा त्याचा असतो. कॅप्टननं स्वच्छ कागद दाखवून वर्गात जागा परत मिळवली, की वर्गाला कळलं की जागा कागदावर मिळते. पुढे कधी एखाद्या पोरीचा कागद असा नसला, तर तिनं कुठे जायचं? हे मी त्या पुढच्या खोलीत उभ्या उभ्या सांगितलं, जमेल तितक्या साध्या शब्दांत. आई म्हणाली, "ती कुठली कोण पुढची पोरगी, तिची काळजी मी का करू? माझी आज घरात बसलीय." तिच्या जागी मी असते तर हेच म्हणाले असते. मी फक्त एवढंच म्हणाले की सभा होऊ द्या, तोवर कागद पर्समध्ये राहू द्या.

मुख्याध्यापिका म्हणाल्या की मी साध्या गोष्टीला फाटे फोडते आहे. खेळाचे सर म्हणाले, स्पर्धा तोंडावर आलीय आणि तुम्ही तत्त्वं कसली काढताय. त्यांचंही खरं. शाळेत मला हट्टी म्हणतातच, आता त्याला डोळ्याचं निमित्त मिळालं. या वयात ऑपरेशननंतर असं होतं, असं लायब्ररीतल्या बाई कुणाला तरी हळू आवाजात सांगत होत्या. माझा डोळा झाकलेला होता, कान शाबूत होते.

सभा शाळेच्या हॉलमध्ये झाली. नववीचे पालक, त्यांच्या शेजारी त्यांची मुलं, मागे पंखा कुरकुरतोय, पुढे टेबलावर पाण्याचा जग. कॅप्टन आईबरोबर आली होती, मधल्या रांगेत बसली आणि तिच्या दोन्ही बाजूंना एकेक खुर्ची रिकामी राहिली. म्हणजे एका बाजूला आई होती, पण आईच्या पलीकडची रिकामी. मी कुठलंही भाषण न करता पेले वाटले. मोठ्या माणसांना खेळ खेळायला लावलं की आधी ती हसतात, मग लहान मुलांपेक्षा जास्त लबाडी करतात. एक गृहस्थ दुसऱ्याच्या पेल्यात डोकावून वास घेत होते. कॅप्टनच्या आईनं पुढच्या रांगेतल्या बाईकडे पेला पुढे केला, बाईनं इकडेतिकडे बघितलं आणि ओतून घेतलं. भिडेखातर घेतलं असेल, पण घेतलं. टायरवाले मात्र हाताची घडी घालून बसले, पेला मांडीवर. शेवटी थेंब टाकत मी त्यांच्यापाशी आले. त्यांचं पाणी नितळ ते नितळच. ते उठून उभे राहिले आणि सगळ्यांना पेला दाखवत म्हणाले, "बघा! मी कुणात मिसळलो नाही, मी साफ राहिलो." मी म्हणाले, बरोबर, ही या खेळातली एक गोष्ट आहे, आणि हे पाणी फक्त शरीरसंबंध, रक्त, दूषित सुई आणि आईकडून बाळाला एवढ्याच वाटांनी जातं, शेजारी बसून, बाटलीतून पाणी पिऊन, बॅटन हातात घेऊन जात नाही. आणि सोड्याचा पेला आजही माझ्याच हातात होता, हे दाखवलं. मुलं हसली. मोठी नाही हसली.

तेव्हा टायरवाल्यांनी विचारलं. ओरडून नव्हे, अगदी सरळ, जिन्यावर माझा हात धरून चढवताना बोलत होते त्याच आवाजात. "मॅडम, तुम्ही म्हणता ते पुस्तकात खरं असेल. मी अडाणी नाही. पण मला एक सांगा, मनापासून. तुमच्या स्वतःच्या घरात असं कुणी असतं, तर तुम्ही त्याच्या ताटाला ताट लावून जेवला असतात? आपल्या पोरीला त्याच्या शेजारी झोपवलं असतंत? खरं सांगा, मी ऐकतो. तुम्ही हो म्हणालात आणि मला ते खरं वाटलं, तर माझी पोर उद्यापासून बाही वर करून पळेल."

पंखा नेमका त्याच वेळी थांबला, पण तो मधून मधून थांबतोच. मी तोंड उघडलं. मग मिटलं. आणि तशीच उभी राहिले. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, पण मागच्या रांगेतलं कुणीतरी खाकरलं, मुख्याध्यापिकांनी पाण्याचा जग उगाच सरकवला आणि धाकट्या मॅडमनी खाली बघितलं. "हो" एवढा एक शब्द म्हणून मी सुटू शकले असते, पण पुस्तकातलं "हो" त्यांनी ओळखलं असतं, आणि दुसरं "हो" म्हटलं की पुढचा प्रश्न आलाच असता. टायरवाले वाट बघून खाली बसले. जिंकल्यासारखे नाही बसले, उलट त्यांचाच चेहरा पडला होता. त्यांना खरंच उत्तर हवं होतं.

मग मुख्याध्यापिकांनी सूत्रं हातात घेतली. पुढचे तास तूर्तास बंद, आणि आता कॅप्टनच्या आईनं तो कागद आणला असेल तर वाचावा, म्हणजे विषय मिटेल. आईनं पर्स उघडली. माझ्याकडे बघितलं. मी काय बोलणार होते? माझी दातखीळ सगळ्यांनी बघितली होती. ती पर्स तशीच उघडी धरून म्हणाली, "कागद आहे माझ्याकडे. पण मॅडम नको म्हणतात. का नको ते मला अजून पटलेलं नाही. पण या बाईनं मला कधी खोटं सांगितलेलं नाही, आणि आत्ता हिला बोलता येत नाहीय म्हणजे काहीतरी असेल. मी नाही वाचत." आणि पर्स बंद केली. तिच्या पर्सचं बटण वाजलं ते मला अजून ऐकू येतं. मला रडू आलं, घळाघळा, सगळ्यांसमोर. लोकांना वाटलं डोळ्याचं पाणी आहे, मी वाटू दिलं. त्या बाईचे माझ्यावर जे उपकार झाले ते तिला कधी कळणारही नाहीत, म्हणून निदान तुला सांगते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मैदानाच्या कठड्यावर जाऊन बसले. कॅप्टन आली. बूट पायात होतेच. कुणी तिला मिठी मारली नाही, कुणी भाषण केलं नाही. खेळाच्या सरांनी शिटी मारली. तिसऱ्या टप्प्याची पोर बाही ओढून पळत आली, बॅटन द्यायला गेली आणि ते बाहीवरून घसरून पडलं. पुन्हा पळाल्या, पुन्हा पडलं. सर भडकले. तिसऱ्या खेपेला टायरवाल्यांच्या लेकीनं वैतागून बाही कोपरापर्यंत खेचली आणि उघड्या हातानं बॅटन कॅप्टनच्या हातावर असं आपटलं की आवाज कठड्यापर्यंत आला. कॅप्टन सुटली ती थेट रेषेपलीकडे. पोरीला काही साक्षात्कार वगैरे झाला असं मला वाटत नाही. बाहीनं बॅटन पडतं आणि पडलं की शर्यत जाते, एवढंच तिला कळलं असेल. मला तेवढं चालेल. पलीकडे टायरवाले गाडीला टेकून उभे होते. त्यांनी पाहिलं, मला लांबूनच हात केला आणि निघून गेले. माझे तास अजून बंद आहेत. मुख्याध्यापिका म्हणतात, बघू. धाकट्या मॅडमनी ते पुन्हा सुरू व्हावेत म्हणून अर्ज लिहायला घेतलाय आणि पहिला पेला आपण घेऊ असं ती मला दोनदा सांगून गेली.

आता हे सगळं तुला लिहायचं कारण. सभेला तुझ्या वेणीवाल्या मैत्रिणीची आई होती, धाकट्या मुलासाठी आलेली. तिच्याकडून मैत्रिणीला आणि मैत्रिणीकडून तुला हे कळणारच, कदाचित कळलंही असेल आणि म्हणूनच तू हवेबद्दल बोलत असशील, की तुझ्या मावशीला भर सभेत विचारलं, घरात एचआयव्ही असलेलं कुणी असतं तर काय केलं असतंस, आणि मावशी तोंडात मिठाची गुळणी धरून उभी राहिली. मैत्रिणीला तुझं काही माहीत नाही, ती गंमत म्हणून सांगेल. तू गप्प ऐकशील आणि मनात म्हणशील, मावशीला माझी लाज वाटली. तर पोरी, नीट ऐक. माझ्याकडे उत्तर होतं. "असतं तर" कशाला, "आहे", असं उत्तर होतं. तुझी आई गेल्यावर तू माझ्याकडे आलीस तेव्हा दुपट्यात होतीस आणि जे तिच्या रक्तात होतं ते तुझ्या रक्तात होतं. तेव्हापासून एका ताटात जेवलो, एका पांघरुणात झोपलो, तुझं उष्टं दूध मी प्यायले, तुझा फुटलेला गुडघा धुतला. तू रोज ठरल्या वेळी गोळी घेतेस, आणि डॉक्टर म्हणतात की आता रक्तात विषाणू मोजता येण्याइतकाही उरलेला नाही. वाचायला शिकायच्या आधी तू घड्याळ शिकलीस आणि पाहुण्यांच्या गप्पा तोडून "मावशी, वेळ झाली" म्हणायचीस, म्हणून घड्याळबाई. पहिला पेला माझा, हा नियमही तू नववीत आलीस त्या वर्षीचाच आहे, आणि "मॅडमच होत्या!" म्हणून सगळ्यांत मोठ्यानं तूच ओरडली होतीस. यातलं एक वाक्य जरी मी बोलले असते तरी टायरवाल्यांना पटलं असतं आणि माझे तास वाचले असते. मला बोलायचं होतं. लाज कसली, मला तुझा इतका अभिमान वाटत होता की जीभ चावावी लागली. पण ताटं पुसता पुसता एकदा तू म्हणाली होतीस की हे कुणाला सांगायचं ते मी ठरवणार, आणि मी ओल्या हातानं तुझा हात धरून बरं म्हणाले होते. तो कागद तुझा आहे. हॉलभर लोकांना पटावं म्हणून मी तो वाचून दाखवणार नव्हते, आणि पुढच्या सभेतही दाखवणार नाही. तुझी परवानगी मागत नाहीय. तू देशील, म्हणूनच मागत नाहीय. कधी तुला आपणहून सांगावंसं वाटलं तर सांग, नाही वाटलं तर मी सभांमधून अशीच मुकी उभी राहीन, मला आता त्याची सवय झाली. फक्त माझ्या गप्प बसण्याचा अर्थ दुसऱ्याकडून लावून घेऊ नकोस. बाकी पुढच्या फोनवर हवेचं काही सांगायचं नाही. आणि हे वाचता वाचता संध्याकाळ झाली असेल, तर पत्र बाजूला ठेव, घड्याळ बघ आणि आधी गोळी घे.

तुझीच, एका डोळ्यानं लख्ख बघणारी,
मावशी